जोडीच्या सामन्यात चेंडू केव्हा उचलायचा, आणि ते कोणी सांगायचे?

रविवारची खेळाडू (नागपूर)

नमस्कार. आमच्या गोल्फ क्लबात दर रविवारी सकाळी जोड्यांचा सामना असतो. जोड्या शनिवारी संध्याकाळी चिठ्ठ्या टाकून ठरतात, त्यामुळे कोणाच्या वाट्याला कोण येणार हे आधी कळत नाही, आणि माझ्यासारख्या नवख्या खेळाडूला बहुधा एखादे मुरलेले ज्येष्ठ सभासद जोडीदार म्हणून मिळतात. माझा कोर्स हँडिकॅप, म्हणजे मैदानानुसार मिळणारे सवलतीचे फटके, २६ आहे. गेल्या रविवारचे माझे जोडीदार ८ हँडिकॅपचे होते आणि खेळ फोर-बॉल बेटर-बॉल, म्हणजे दोघांनी आपापला चेंडू खेळायचा आणि प्रत्येक होलवर दोघांपैकी ज्याचे गुण जास्त तेच जोडीचे धरायचे, असा स्टेबलफर्ड पद्धतीचा, म्हणजे प्रत्येक होलच्या फटक्यांवरून गुण देण्याचा, होता.

फेरीत अनेकदा त्यांनी फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) दुसऱ्या कडेवरून, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात, मला चेंडू उचलायला सांगितले. बहुतेक वेळा ते योग्यच असावे. पण एका होलवर मला शंका आली. पार ४ चा (चार फटक्यांत संपणे अपेक्षित असलेला) होल, स्ट्रोक इंडेक्स (सवलतीचे फटके वाटण्यासाठी होलला दिलेला क्रम) ३. माझे चार फटके झाले होते आणि चेंडू ग्रीनपासून (कपाभोवतीच्या बारीक गवतापासून) तीसेक यार्डांवर होता. त्यांचा पहिला चेंडू रफमध्ये (कडेच्या उंच गवतात) हरवला होता आणि प्रोव्हिजनल चेंडूने (पहिला सापडला नाही तर म्हणून मारलेल्या दुसऱ्या चेंडूने) त्यांचे सहा होतील असे दिसत होते. तरीही त्यांनी मला थांबवले, आणि मी थांबले.

पुढे दुसऱ्या एका होलच्या ग्रीनवर मी पट (कपाकडे घरंगळवायचा हलका फटका) मारत असताना ते माझ्या मागे, चेंडूच्या अगदी रेषेत उभे राहून दिशा सांगत होते. समोरच्या जोडीतील एकांनी हरकत घेतली, तेव्हा “हा सोशल गेम आहे, विश्वचषक नव्हे,” असे उत्तर मिळाले. तोवर मागची चौकडी टीवर (होल सुरू करण्याच्या जागी) ताटकळत उभी होती आणि तिचा राग मला दुरूनही दिसत होता.

माझा प्रश्न असा की, जोडीच्या खेळात चेंडू केव्हा उचलावा याचा काही निश्चित हिशेब आहे का, तो निर्णय जोडीदाराने घ्यायचा की ज्याचा चेंडू त्याने, आणि साप्ताहिक मैत्रीपूर्ण सामन्यात शिष्टाचाराचा आग्रह कुठवर धरावा? त्या गृहस्थांविषयी माझ्या मनात अढी नाही. पुढच्या चिठ्ठीत ते पुन्हा माझ्या वाट्याला आले तर काय करायचे, एवढेच मला समजून घ्यायचे आहे.

समितीतला जुना कारकून

ताई, आपण होलचा इंडेक्स आणि फटके नेमके लिहिलेत हे फार बरे केले, कारण त्यावरून उत्तर भावनेने नव्हे तर हिशेबाने देता येते. काही वर्षे आमच्या क्लबाच्या स्पर्धा समितीत कार्डे तपासण्याचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे हा हिशेब मला झोपेतही येतो.

फोर-बॉलच्या स्ट्रोक-प्ले (एकूण फटके मोजण्याच्या) प्रकारात, आणि स्टेबलफर्ड हा त्याचाच एक प्रकार आहे, जागतिक हँडिकॅप पद्धतीने प्रत्येकाला आपल्या कोर्स हँडिकॅपच्या ८५ टक्के फटके देण्याची शिफारस केली आहे. आपल्या २६ चे २२.१, म्हणजे २२ होतात. आपल्या जोडीदारांच्या ८ चे ६.८, म्हणजे ७. आपले २२ फटके अठरा होलवर वाटले की प्रत्येक होलवर एक मिळतो आणि उरलेले चार इंडेक्स १ ते ४ च्या होलवर जातात, म्हणजे तिथे आपल्याला दोन-दोन मिळतात. त्यांना इंडेक्स १ ते ७ पर्यंतच एकेक मिळतो, पुढे काही नाही.

आता आपला इंडेक्स ३ चा होल पाहा. चार फटके झालेले. पाचव्याने ग्रीनवर पोहोचून सहाव्याला चेंडू कपात गेला असता तर दोन फटके वजा जाऊन नेट ४, म्हणजे पार, म्हणजे २ गुण. दोन पट लागले असते तरी सात वजा दोन, नेट ५, १ गुण. जोडीदारांचे सहा झाले असते तर एक फटका वजा जाऊन नेट ५, म्हणजे त्यांच्याकडूनही १ गुण. याचा अर्थ त्या क्षणी जोडीची २ गुणांची आशा आपल्या चेंडूवर होती आणि तो आपल्याकडून उचलवला गेला. आपली शंका बरोबर होती. अनुभवी खेळाडूंची नजर बहुधा स्वतःच्या फटक्यांच्या हिशेबाने चालते. सव्वीसच्या खेळाडूला कुठे दोन फटके मिळतात हे त्यांच्या लक्षात राहत नाही. राग मानू नये, पण ऐकूही नये.

याच्या उलट बाजूचे उदाहरण घ्या. पार ४, इंडेक्स १२. इथे आपल्याला एक फटका, त्यांना शून्य. त्यांनी चारात चेंडू घातला की जोडीचे २ गुण झाले. आता आपण जोडीला काही देऊ शकाल ते फक्त चारात संपवून, कारण नेट ३ झाले तरच ३ गुण. म्हणजे आपला चौथा फटका कपात गेला नाही की त्या होलवरचे आपले काम संपले; पाच, सहा, सात हे सगळे जोडीच्या दृष्टीने सारखेच. पण जोडीदारच जर बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) अडकून सातकडे निघाले असतील, तर आपल्याला सहापर्यंत खेळायचे आहे, कारण सहाला १ गुण मिळतो. सहावाही कपात गेला नाही तर मग चेंडू उचलावा. स्वतःच्या कार्डावर प्रत्येक होलपुढे आपल्याला मिळणारे फटके टिंबांनी मांडून ठेवा, म्हणजे चालता चालता एका नजरेत कळते.

स्टेबलफर्ड पद्धतीत चेंडू उचलणे हा कमीपणा नाही, ती पद्धतीची रचनाच आहे. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांनी ही गुणपद्धत १९३२ मध्ये इंग्लंडमधील वॉलसी क्लबात रूढ केली ती यासाठी की एखाद्या होलवर आठ-नऊ फटके झाले म्हणून संपूर्ण कार्ड फेकून द्यावे लागू नये. नियमांतही असे सुचवले आहे की शून्य गुण नक्की झाले की खेळाडूने तो होल तिथेच सोडावा, म्हणजे खेळाची गती टिकते.

निर्णय कोणाचा, या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट आहे. चेंडू ज्याचा, निर्णय त्याचा. जोडीदाराला सल्ला देण्याची नियमाने पूर्ण मुभा आहे; तो त्याने जवळ येऊन, हळू आवाजात आणि आकड्यांसह द्यावा. “माझे चार झाले, तुमचा हा गेला नाही तर सोडू या,” इतके पुरते. आज्ञा देण्याचा अधिकार मात्र ना हँडिकॅपने मिळतो ना वयाने.

कामठी रोड

वरील हिशेब निर्विवाद आहे, पण मला त्याची दुसरी बाजू मांडावीशी वाटते, आणि ती थोडी कडू आहे.

मी लष्करी मैदानांवर खेळायला शिकलो. तेव्हा आपल्याकडे अनेक ठिकाणी गवताच्या ग्रीन नव्हत्याच, तेल घातलेल्या वाळूचे ब्राउन असत, आणि आपला पट झाला की मागच्यांसाठी ब्राउन ओढून सारखा करून जाणे हे खेळाचाच भाग मानले जाई. ते न करता पुढे जाणाऱ्याला दुसऱ्या दिवशी मेसमध्ये कोणी मुद्दाम काही बोलत नसे, पण त्याच्याबरोबर खेळायलाही कोणी येत नसे. त्या संस्कारामुळे असेल, मला नवख्या खेळाडूला चेंडू उचलायला लावणे फारसे पटत नाही. ताईंनी वर्गणी तेवढीच भरली आहे जेवढी आठ हँडिकॅपवाल्यांनी भरली आहे. नवीन माणूस शिकतो तो सामन्यातच. सरावाच्या पट्टीवर मारलेल्या शंभर चेंडूंपेक्षा सामन्यात, चारजण पाहत असताना मारलेला एक तीन फुटांचा पट जास्त शिकवतो. तो पटच त्याला मारू दिला नाही तर वर्षभरानेही तो सव्वीसवरच राहील आणि मग आपणच कुरकुरू की नवे लोक सुधारत नाहीत.

तेव्हा माझे म्हणणे असे की गती वाचवायची असेल तर ती दुसरीकडे वाचवावी, आणि तिथे वाचवायला भरपूर जागा आहे. स्वतःचा फटका मारायची वेळ आल्यावर हातमोजा चढवू लागणे, चेंडूपाशी पोहोचल्यावर अंतराची चर्चा सुरू करणे, ग्रीनवरून उतरण्याऐवजी तिथेच उभे राहून कार्ड लिहिणे, बॅग ग्रीनच्या पुढच्या बाजूला ठेवून ती घ्यायला उलटे चालत येणे, फोनवर बोलणे. यात मुरलेले खेळाडू नवख्यांपेक्षा जास्त दोषी असतात, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. नियमांनी फटक्यासाठी ४० सेकंदांची शिफारस केली आहे आणि बहुतेक वेळा त्याहून लवकर मारता यावा असेही म्हटले आहे. रविवारी चौघांवर घड्याळ लावून बघा, म्हणजे वेळ कुठे जातो ते कळेल.

नागपुरात हा केवळ सौजन्याचा विषय नाही, हेही सांगितले पाहिजे. मे महिन्यात सूर्योदय साडेपाचच्या सुमारास होतो, पहिली चौकडी पावणेसहाला निघाली तरी अठरा होलांना साडेचार तास लागले तर सव्वादहा वाजतात, आणि शेवटच्या चौकडीचे तर साडेअकराही होतात. नवतप्याच्या दिवसांत, पारा ४५ च्या आसपास जात असताना, त्या वेळी मैदानावर सत्तरीचे सभासद आणि खांद्यावर बॅग घेतलेले कॅडी उभे असतात. पुढची चौकडी दर होलवर दोन मिनिटे वाया घालवते तेव्हा तिची किंमत ती स्वतः देत नाही, मागे ऊन झेलणारा देतो. मला मागे टीवर उभ्या असलेल्या त्या चौकडीचा राग म्हणूनच समजतो.

समितीतला जुना कारकून

कामठी रोडसाहेब, फोन आणि हातमोज्याबाबत आपले शंभर टक्के पटले. पण शून्य गुण नक्की झाल्यावर दोन पट शिकण्यासाठी मारू द्यावेत, हे मला मान्य नाही. तो पट मागच्या चौकडीच्या वेळातून मारला जातो, आणि तिच्या उन्हाची काळजी तर आपणच वर व्यक्त केली आहे. शिकण्यासाठी आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी मैदान जवळजवळ रिकामे असते. नवख्या सभासदाबरोबर एखाद्या संध्याकाळी ज्येष्ठांनी नऊ होल खेळावेत. रविवारी त्याला दया दाखवण्यापेक्षा ते अधिक उपयोगी पडेल.

डावखुरा

ग्रीनवर मागे उभे राहण्याबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. ती हरकत रास्त होती आणि “सोशल गेम” हे तिचे उत्तर होऊ शकत नाही, कारण हा शिष्टाचाराचा नव्हे तर नियमाचा प्रश्न आहे. खेळाडू फटक्यासाठी उभा राहू लागला की फटका होईपर्यंत त्याच्या कॅडीने चेंडूच्या मागे, खेळाच्या रेषेच्या विस्तारावर किंवा तिच्या जवळ मुद्दाम उभे राहायचे नाही, असा नियम आहे, आणि २०२३ च्या आवृत्तीत जोडीच्या खेळांसाठी हेच बंधन जोडीदारालाही स्पष्टपणे लावले आहे. स्ट्रोक-प्लेमध्ये याचा दंड दोन फटके आहे. रेषा वाचायला मागे उभे राहा, बोट दाखवा, बोला, सगळे चालते. पण ताई पाय रोवू लागल्या की बाजूला व्हायचे.

त्याच ओघात आणखी एक. ग्रीनवर दुसऱ्याचा चेंडू कपामागे पडला आहे, तो आपल्या चेंडूला अडवील, म्हणून “राहू द्या, उचलू नका” असे आपसात ठरवणे हा सौजन्याचा प्रकार समजला जातो. तो नियमभंग आहे. मदत व्हावी म्हणून चेंडू तिथेच ठेवण्याचे दोन खेळाडूंनी ठरवले आणि फटका मारला गेला, तर ठरवणाऱ्या प्रत्येकाला दोन फटके दंड होतो, नियम माहीत नव्हता ही सबब चालत नाही. ग्रीनवरून मारलेला चेंडू ग्रीनवरच पडलेल्या दुसऱ्या चेंडूला लागला तरीही स्ट्रोक-प्लेमध्ये मारणाऱ्याला दोन फटके. म्हणून खूण ठेवून चेंडू उचलण्याची सवय सगळ्यांत स्वस्त पडते.

जोडीला एक सवलत मात्र पुष्कळ लोक वापरत नाहीत. आपल्या दोघांपैकी आधी कोणी खेळायचे हे जोडीने ठरवायचे असते. दूरचा आधी, हे जोडीच्या आत बंधनकारक नाही. आपल्याला फटका मिळत असेल आणि सोपा पट असेल तर आपण आधी संपवा, म्हणजे जोडीदाराला मोकळेपणाने धाडस करता येते.

हरळी आणि काळी माती

मी खेळतो कमी आणि मैदान पाहतो जास्त, म्हणून वरच्या चर्चेत सुटलेली एक बाजू जोडतो. आपण सर्वजण एकमेकांच्या वेळेबद्दल बोललो, पण शिष्टाचाराचा निम्मा भाग जमिनीशी असतो, आणि आपली जमीन विदर्भाची काळी, चिकण आहे. परदेशी मैदानांवर चित्रफितीत पाहिलेले सगळे इथे तसेच्या तसे लागू पडत नाही.

फेअरवेवर फटक्याने उडालेला गवताचा तुकडा, ज्याला डिव्हट म्हणतात, तो उचलून परत खड्ड्यात बसवावा असे शिकवले जाते. थंड हवेच्या गवताला ते ठीक आहे. आपल्याकडे बहुतेक फेअरवेवर हरळी असते, ती धावत्या खोडांनी पसरते, आणि उडालेला तुकडा बहुधा भुगा होऊन येतो. तो भुगा परत टाकून पायाने दाबण्यापेक्षा खड्डा वाळूच्या मिश्रणाने भरून सपाट करावा. हरळी दोन-तीन आठवड्यांत स्वतःच तो झाकते. कॅडीच्या बॅगेत वाळूची छोटी पिशवी असते ती यासाठीच, आणि ती रिकामी होऊन परत आली तर मैदानाच्या माळ्याला माणसे नीट खेळली असे वाटते.

ग्रीनवर चेंडू पडून जो खळगा होतो तो दुरुस्त करताना लोक खालून काटा घालून माती वर उचकटतात. त्याने मुळे तुटतात आणि तपकिरी डाग पडतो. कडेचे गवत मध्याकडे ढकलायचे आणि पटरने हलकेच थोपटायचे, बस. २०१९ पासून ग्रीनवरचे बुटांच्या खिळ्यांचे व्रणही खेळण्याआधी सारखे करण्याची परवानगी आहे, त्यामुळे आता सबब उरलेली नाही. बंकरमध्ये उतरताना खालच्या, सपाट कडेने उतरावे, आणि आपल्या पाऊलखुणा दाताळ्याने पुसूनच वर यावे. जोडीत दोघे असतात, तेव्हा एकजण पट मारत असताना दुसऱ्याने दाताळे हातात घेतले तर कोणाचाही वेळ जात नाही.

पावसाळ्यात मात्र गणित बदलते. काळी माती ओली झाली की ट्रॉलीच्या चाकाचा एक फेरा दिवाळीपर्यंत दिसतो, म्हणून समितीने गाड्या रस्त्यावरच ठेवायला सांगितले तर तिथे वाद घालू नये. चेंडू फेअरवेत किंवा रफमध्ये मातीत रुतून बसला, तर सामान्य क्षेत्रात त्याला दंडाविना सुटका (चेंडू उचलून जवळच टाकण्याची मुभा) आहे. पाणी साचलेल्या जागेलाही आहे. उलट उन्हाळ्यात हीच माती भेगाळते आणि चेंडू भेगेत अडकला तर ती सुटका आपोआप मिळत नाही, समितीने त्या भेगा दुरुस्तीखालची जमीन म्हणून जाहीर केल्या असतील तरच मिळते. यावरून दरवर्षी एप्रिलमध्ये कुठे ना कुठे भांडण होतेच. समितीने सूचना-फलकावर एक ओळ लिहून टाकावी, एवढाच उपाय आहे.

पावसाळ्यानंतरच्या उंच रफमध्ये हात घालून चेंडू शोधू नये, हे शिष्टाचारात बसो वा न बसो. घोणस तिथे असू शकते. शोधायला तीन मिनिटे आहेत, पूर्वी पाच होती. आणि जोडीदाराचा चेंडू फेअरवेत व्यवस्थित पडलेला असताना आपल्या हरवलेल्या चेंडूसाठी चौघांनी तीन मिनिटे गवत तुडवणे मला नेहमीच अनाठायी वाटते. साप चेंडूपाशीच दिसला तर दंडाविना सुरक्षित जागी चेंडू घेता येतो, तेव्हा शौर्य दाखवू नये. टिटवीने फेअरवेच्या कडेला अंडी घातली असतील तर समिती ती जागा आखून तिथे खेळण्यास मनाई करू शकते; आमच्याकडे माळी स्वतःहून चार काठ्या रोवतो आणि सभासद त्या मानतात. टिटवी मात्र त्या मानत नाही, ती पार दुसऱ्या फेअरवेपर्यंत येऊन डोक्यावर ओरडते.

कामठी रोड

विजांबद्दलही लिहायला हवे होते. मृगाच्या आधीच्या वळवाच्या दिवसांत आपल्याकडे वीज पडून माणसे जातात, आणि मी लोकांना “हा होल संपवू या” म्हणताना ऐकले आहे. विजेचा धोका आहे असे खेळाडूला वाजवीपणे वाटले तर समितीच्या भोंग्याची वाट न पाहता तो खेळ थांबवू शकतो, त्याला दंड नाही. समितीने तात्काळ स्थगितीचा भोंगा वाजवला तर मात्र हातातला फटकाही मारायचा नाही. जोडीदाराला घाई असली तरी इथे ऐकू नये. झाडाखाली तर मुळीच जाऊ नये.

रविवारची खेळाडू

सर्वांचे मनापासून आभार. टिंबांची युक्ती मी कालच कार्डावर करून पाहिली आणि इंडेक्स १ ते ४ चे होल कोणते हे आता पाठ झाले आहे. कामठी रोडकाका, तुमच्या सहानुभूतीबद्दल आभार, पण मला समितीतल्या काकांचे म्हणणे अधिक पटते. शून्य ठरल्यावर मला रविवारी पट मारायचा नाही. आठवड्यातल्या संध्याकाळी मात्र कोणी सोबत येणार असेल तर मी नक्की येईन.

दोन गोष्टी राहिल्या. एक, कार्डावर माझे फटके लिहायचे की नाही, कारण मागच्या रविवारी मार्करने (आमचे फटके कार्डावर नोंदवणाऱ्याने) मी उचललेल्या होलवर माझा रकाना कोराच ठेवला. दुसरे, या आठवड्यात फलकावर फोरसम लिहिले आहे. त्यात तर चेंडूच एक असतो, मग उचलण्याचा प्रश्न कसा सुटतो? आणि दोघांत एकच कॅडी असेल तर त्याचा सल्ला दोघांनाही चालतो का?

समितीतला जुना कारकून

मार्करने रकाना कोरा ठेवला ते योग्यच. फोर-बॉलमध्ये प्रत्येक होलवर जोडीपैकी किमान एकाचे एकूण फटके लिहिलेले हवेत. आणि ते कोणाचे, हे कार्डावरून स्पष्ट कळले पाहिजे. नुसता चांगला आकडा मधोमध लिहून ठेवलेली कार्डे माझ्यापुढे पुष्कळ आली आहेत, आणि आठचा खेळाडू की सव्वीसचा हे कळल्याशिवाय फटके वजा तरी कोणाचे करायचे? गुण मोजणे आणि हँडिकॅपचे फटके लावणे हे समितीचे काम आहे. २०२३ पासून स्ट्रोक-प्लेमध्ये कार्डावर हँडिकॅप लिहिण्याची जबाबदारीही खेळाडूवर नाही. आपण फक्त एकूण फटके खरे आहेत हे पाहून सही करायची. दोन जोड्यांचे गुण सारखे झाले तर शेवटचे नऊ, मग सहा, मग तीन, मग अठरावा होल पाहण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी आहे, म्हणून शेवटच्या होलवरचा एक गुणही सोडू नये.

कॅडी एकच असेल तर तो दोघांचा असतो आणि दोघांनाही सल्ला देऊ शकतो. समोरच्या जोडीला मात्र ना त्याने सल्ला द्यायचा ना आपण. कोणत्या काठीने फटका मारला असे विचारणेही त्यात येते. झेंड्यापर्यंत किती अंतर आहे हे विचारायला हरकत नाही, कारण ती सर्वांना उपलब्ध असलेली माहिती आहे. आणखी एक विनंती, कॅडीला “ए” म्हणून हाक मारू नये. त्याला नाव असते आणि ग्रीन वाचण्यात तो आपल्या दोघांपेक्षा हुशार असतो.

फोरसममध्ये दोघांत एक चेंडू, आळीपाळीने फटके. विषम होलवर एकाने टीवरून मारायचे आणि सम होलवर दुसऱ्याने, हे पहिल्या टीपाशी ठरवायचे आणि फेरीभर बदलायचे नाही. दंडाचा फटका पाळी बदलत नाही, इथे बहुतेकांचा गोंधळ होतो: आपण टीवरून मारलेला चेंडू हरवला तर दंडासह टीवरून तिसरा फटका आपल्या जोडीदारांनी मारायचा. चुकीच्या माणसाने मारला तर दोन फटके दंड, आणि त्याच ठिकाणाहून योग्य माणसाने पुन्हा मारायचा. ती दुरुस्ती पुढच्या होलचा टी-फटका मारण्याआधी केली नाही तर जोडी बाद. हँडिकॅप दोघांच्या बेरजेच्या निम्मा, म्हणजे तुमच्यासारख्या जोडीला १७. रविवारी ग्रीनसम लावले असते, ज्यात दोघांनी टीवरून मारून एक चेंडू निवडायचा असतो, तर लहान हँडिकॅपच्या ६० टक्के आणि मोठ्याच्या ४० टक्के मिळून १५ झाले असते.

चेंडू उचलण्याचा प्रश्न इथे निराळा होतो, कारण आता तो दोघांचा आहे आणि निर्णयही दोघांनी घ्यायचा आहे. सामना स्टेबलफर्ड गुणांवर असेल तर शून्य झाल्यावर उचला. निव्वळ स्ट्रोक-प्लेवर असेल तर प्रत्येक होल संपवावाच लागतो, नाहीतर जोडी बाद होते, तेव्हा फलकावर नुसते फोरसम लिहिले आहे की पुढे आणखी काही, हे शनिवारीच सचिवांना विचारून घ्या. विषम होल कोणी घ्यायचे हे ठरवताना आपल्या मैदानावरचे पार ३ चे होल मोजा आणि ज्या बाजूला ते अधिक पडतात ती बाजू आपल्या जोडीदारांना द्या. त्यांना लोखंडी काठी सरळ मारता येते, आणि आपल्याला लांब होलवर ड्रायव्हर मारायला मिळेल.